पाऊण लिटर

बू राशिदला दिवसाला पाऊण लिटर.
त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचे घोट आले,
बर्फ चोखला तर तोही आला.
मी तक्त्यावर लिहिते, तो मान हलवतो,
आणि परवा पुन्हा अडीच किलोनं जास्त भरतो.

मशीन चार तास फिरतं.
एका माणसाच्या रक्ताला एकशेवीस लिटर पाणी,
गाळलेलं, तपासलेलं,
काम झालं की सरळ गटारात.
पहिल्या आठवड्यात ते बघून माझ्या पोटात कालवलं.
मी जत तालुक्यातली.
आमच्यात भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला.
टँकरचा हॉर्न ऐकून
भर लग्नातून कळशी घेऊन पळालेली एक करवली
अजून गावात सांगतात.
ती मीच.

दवाखान्याच्या मागं बुटकी भिंत आहे,
भिंतीपलीकडं मुहर्रकचा समुद्र.
सव्वाअकराला पाळी सुटते, बस पावणेबाराला.
मधला अर्धा तास माझा.
बूट काढते, पाय गार दगडावर सोडते.
इथला समुद्र आपटत नाही.
झोपेत कुणी पांघरूण ओढून घ्यावं
तसा वर येतो, तसाच सरकून जातो.
विमानं डोक्यावरून उतरतात,
त्यांचे दिवे पाण्यात लांबतात, तुटतात.
मी कसलाच विचार करत नाही.
म्हणजे करते (हप्ता, भावाची फी, आईचा गुडघा)
पण इथवर पोचायला प्रत्येक विचाराला
जरा उशीर होतो.
दिवसभर कानांपाशी गेलेले खांदे
कधी खाली आले, कळत नाही.

एकदा मशीन घेऊन गेले, स्वतःचंच बीपी मोजलं,
बसायच्या आधी आणि उठताना.
मारिसेल हसली, म्हणाली, सुट्टीतही ड्युटी?
फरक होता. थोडासा.
लिहायला तक्ता नव्हता.

बू राशिदला सांगितलं तर तो मोडक्या हिंदीत बोलत सुटला:
बाप मोत्यांच्या बोटीवर होता.
प्यायचं पाणी संपलं की चामड्याची पिशवी घेऊन बुडी मारायचा.
खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते.
पिशवीचं तोंड मुठीत आवळायचं, झऱ्यावर सोडायचं,
भरली की पुन्हा आवळून वर.
आणि आता?
आटले, म्हणाला.
मग थोड्या वेळानं, तुमच्याकडं?
आमच्याकडं पण.

सुया काढताना त्यानं विचारलं,
सिस्टर, नुसतं बघायला किती परवानगी?
मी सवयीनं तक्ता उलटला.
त्यावर तसा रकाना नाही.

त्या मंगळवारी राशिदच्या गाडीला उशीर झाला.
मी खुर्ची ढकलत भिंतीपर्यंत नेली, ब्रेक लावला.
म्हातारा काही बोलला नाही.
वाऱ्यानं ओठांवर मीठ आणलं, ते त्यानं चाटलं,
आणि माझ्याकडं चोरासारखं बघितलं.
मी विमान मोजत होते.

पुढच्या खेपेला वजन अडीचच्या जागी दोन किलो चारशे.
शंभर ग्रॅमला काही अर्थ नसतो, डॉक्टर म्हणाले.
मी कुठं अर्थ लावतेय.
मी फक्त पुन्हा ब्रेक तपासला.

काल भिंतीवरून आईला फोन लावला.
आलता का टँकर?
आलता, अर्धाच.
मी फोन पाण्याकडं धरला.
ऐक, म्हणाले.
कायच ऐकू येईना गं, ती म्हणाली.
थांब जरा.
ती थांबली.
तिकडं कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, मग तेही गप झालं.
बस येऊन हॉर्न देईपर्यंत
दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.